मोठ्या पाइप ऑर्गनवर पहिल्यांदाच बसणार आहे, पेटीवाल्याला सल्ला हवाय

काळी_पाच

नमस्कार मंडळी,

मूळचा मिरजेचा, सध्या मुक्काम हॅम्बुर्ग. शाळेपासून पेटी वाजवतो. बैठकीत साथ करण्याइतपत हात बसलाय, त्यातही नाट्यसंगीत जरा जास्तच. इथे आल्यावर साथ करायला गाणारंच कुणी मिळेना, म्हणून घराजवळच्या चर्चमधल्या कांटोरबाईंकडे ऑर्गन शिकायला लागलो. (कांटोर म्हणजे चर्चच्या संगीताचं सगळं बघणारी व्यक्ती.) तिथला ऑर्गन छोटा. हाताने वाजवायच्या पट्ट्यांच्या दोन रांगा, म्हणजे मॅन्युअल, आणि पायाने वाजवायची पायाखालची रांग म्हणजे पेडल. बाकड्यावर बसलं की पाइप नाकासमोर. जे दाबतो ते लगेच ऐकू येतं.

आता बाईंनी फर्मान काढलंय. पुढच्या महिन्यात शहरातल्या एका मोठ्या चर्चमध्ये संध्याकाळची छोटी प्रार्थना आहे, त्यात एक गाणं मी वाजवायचं. गीतपुस्तकातलं ३१७, 'लोबे डेन हेरेन', पाच कडवी. त्याआधी सरावाला एक तास मिळेल. ऑर्गन मागच्या गॅलरीत आहे, तीन मॅन्युअलचा, पन्नासच्या आसपास स्टॉप, म्हणजे ओढला की एकेका आवाजाचे पाइप चालू होतात ते दट्टे.

परवा बघून आलो. बाईंनी सहज एक स्वर दाबून बघायला सांगितला. दाबला, तर आवाज माझ्या समोरून न येता छताकडून कुठून तरी आला, आणि बोट उचलल्यावरही बराच वेळ हिंडत राहिला. खरं सांगतो, घाबरलो.

तर जाणकारांनी सांगावं. आवाज असा उशिरा येत असेल तर लय कशी धरायची? एवढ्या स्टॉपमधले नेमके कुठले ओढायचे? पेडल खाली बघून वाजवायची सवय लागलीय, ती मोडायची कशी? आणि मुख्य म्हणजे पेटीचा हात इथे कामाला येतो की आड येतो?


शंकासुर

ऑर्गन म्हणजे आपल्या संगीत नाटकात असायचा तोच ना? त्यात घाबरण्यासारखं काय? आमच्या गावात जत्रेच्या नाटकाला ऑर्गनवाला रात्रभर वाजवून सकाळी शेतावर जायचा.


रूथमावशी

शंकासुर, तो वेगळा. नाटकातल्या ऑर्गनला पायाने भाता मारायचा, आत पितळी सूर. पाइप एकही नाही. आमच्या नगरच्या चर्चमध्ये माझे वडील तसलीच पायपेटी वाजवायचे. 'उपासना संगीत'मधली गीतं, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं, शेजारी तबला आणि झांजा. मीही त्याच पायपेटीवर शिकले. पाइप ऑर्गनमध्ये एकेका स्टॉपला प्रत्येक स्वराचा स्वतंत्र पाइप असतो. काळी_पाच म्हणतोय त्या आकाराच्या ऑर्गनमध्ये तीन हजारांच्या वर पाइप असतील. सगळ्यात मोठा दुमजली घराएवढा उंच, सगळ्यात लहान पेन्सिलीपेक्षा बारीक.

काळी_पाच, तुला अरेतुरे करते, राग मानू नकोस. मी एल्बे नदीच्या पलीकडे आल्टेस लांडमध्ये असते, सफरचंदाच्या बागांच्या गावांत. पोटासाठी वृद्धाश्रमात नर्स, आणि रविवारी जिथला ऑर्गनिस्ट आजारी असेल तिथे मी.

तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचे त्यातच आले. पेटीचा हात आड येतो. आणि नेमका तिथे आड येतो जिथे तू स्वतःला तयार समजतोस, म्हणजे साथीत.

पेटीवाल्याला काय शिकवलेलं असतं? गाणाऱ्याच्या मागे राहायचं. त्याने जागा घेतली की टिपायची आणि पाठोपाठ द्यायची. पुढे गेलास तर बुवा डोळे वटारतात. चर्चमध्ये हे सगळं उलटं. खालची माणसं तुझी साथ करतायत, तू त्यांची नाही. त्यांचा आवाज वर तुझ्यापर्यंत यायला वेळ लागतो आणि तुझा खाली जायलाही. तू ऐकून ऐकून वाजवायला गेलास की त्यांच्यासाठी किंचित थांबतोस, मग तेही तुझ्यासाठी किंचित थांबतात, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत गाणं चिखलात रुतलेल्या बैलगाडीसारखं होतं. मग पुढच्या बाकावरच्या आजीबाई वळून गॅलरीकडे बघतात. ती नजर बुवांपेक्षा वाईट.

तेव्हा लय बोटांत ठेव, कानाच्या भरवशावर सोडू नकोस. यावर मला सापडलेला एकच उपाय म्हणजे वाजवताना आपण स्वतः मोठ्याने गायचं. जर्मन कसंही येत असो, शब्द पाठ कर आणि गा. ओळीच्या शेवटी तुला श्वास लागला की त्यांनाही लागलाच. तिथे हात उचल, ऑर्गनलाही श्वास घेऊ दे. ३१७ची पहिली ओळ लांबलचक आहे, मध्येच तोडलीस तर लोक बिचकतात. कडव्याचा शेवटचा स्वर पूर्ण मात्रा धर, सोड, मोजून शांतता ठेव, मग पुढचं कडवं. ती शांतता दर वेळी तेवढीच हवी. पहिल्या कडव्यानंतर लोक ती मोजतात, दुसऱ्यानंतर त्यांना ती पाठ झालेली असते, आणि तिसऱ्यानंतर तू बदललीस तर अर्धे लोक आधी सुरू करतात. गाण्याआधी तू जे चार ओळींचं प्रास्ताविक वाजवशील त्याची लय हीच गाण्याची लय, हे विसरू नकोस. पेटीवर आपण आधी जरा आलाप घेतो आणि मग ठेका येतो, तसलं काही इथे करायचं नाही.

आता डावा हात. तुझ्या डाव्या हाताने जन्मभर भाता मारलाय, त्याला सूर माहीतच नाहीत. तुझ्या बाईंनी हे पहिल्या दिवशीच ओळखलं असणार. उजवा हात मांडीवर ठेव आणि आठवडाभर फक्त डावा हात आणि पाय वाजव. डावा हात पायाच्या मागे पळतो, पाय खाली गेला की हातही खाली जातो. ही खोड मोडली की निम्मं काम झालं.

पायाकडे बघू नकोस. पेडलच्या काळ्या पट्ट्याही पेटीसारख्याच दोन आणि तीनच्या गटात असतात, गटांच्या मध्ये मोकळी जागा. तिथे बुटाचं टोक घालून चाचपायचं की आपण कुठे आहोत ते कळतं. गुडघे जवळ, चवडा पट्टीच्या अगदी वर, उचलून आपटायचा नाही. नाही तर लोकांना ठकठक ऐकू येते.

आणि भात्याने सूर फुगवायची सवय. इथे पट्टी जोरात दाब की हळू, पाइप तेवढाच बोलतो. तुझ्या हातात उरतं काय, तर स्वर कधी सोडायचा आणि दोन स्वरांमध्ये किती फट ठेवायची. पेटीवर मींड भासवायला आपण एक स्वर सोडायच्या आधीच पुढचा धरतो. छोट्या चर्चमध्ये ते खपून जातं. मोठ्या चर्चमध्ये खाली नुसता गलबला पोचतो. जितकी वास्तू मोठी तितकं सुटं वाजवायचं. समेच्या आधी जरा जास्त फट सोडलीस की सम जोरात आल्यासारखी वाटते. जोर देण्याची एवढीच सोय आहे, पण ती कमी नाही.

स्टॉप. मोठा ऑर्गन दिसला की सगळं ओढून बघायचा मोह होतो. संध्याकाळच्या प्रार्थनेला तीस-चाळीस माणसं असतील. हाताला प्रिंसिपाल, म्हणजे ऑर्गनचा मूळ आवाज, ८ फुटी आणि ४ फुटी, पायाला १६ आणि ८ फुटी. झालं. शेवटच्या कडव्याला २ फुटी ओढ, फार तर मिक्स्चर, ज्यात एका पट्टीला चार-पाच बारीक पाइप एकदम बोलतात. ट्रंपेटला हात लावू नकोस.

एका तासातला पहिला भाग वाजवण्यात घालवू नकोस. बाईंना वाजवायला बसव आणि तू खाली जाऊन बाकावर बस, आधी पुढे, मग मध्ये. वर तुला जे ऐकू येतं आणि खाली जे पोचतं त्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. गॅलरीच्या कठड्याला, म्हणजे वाजवणाऱ्याच्या पाठीशी, पाइपांचं एक वेगळं छोटं कपाट असेल तर ते लोकांना सगळ्यात जवळचं. तुला वाटतं हे हळू वाजतंय, आणि खाली ते सगळ्यांच्या डोक्यावर वाजत असतं.


ध्वनिलहरी

मावशींच्या प्रतिसादाला दंडवत. थोडं गणित जोडतो.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे चर्च ३४ मीटर लांब असेल तर पलीकडच्या टोकापर्यंत सेकंदाचा दहावा भाग, आणि तिथल्या माणसाचं गाणं तुमच्यापर्यंत परत यायला आणखी तेवढाच. दोन दशांश सेकंद. मध्यलयीत हा पाव ते अर्ध्या मात्रेचा मामला आहे, त्यामुळे ऐकून जुळवणं शक्यच नाही. ही झाली थेट आवाजाची गोष्ट. घुमणारा आवाज त्याहून कितीतरी जास्त रेंगाळतो. कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये तर तो विरायला दहा सेकंदांहून जास्त लागतात. शिवाय मोठे पाइप हवा मिळाल्यावर बोलायलाही वेळ घेतात. खर्ज नेहमी जरा आळशी.

फुटांचं कोडं असं. ८ फुटी म्हणजे सगळ्यात खालच्या सा चा उघडा पाइप साधारण आठ फूट लांब, कंपनं सेकंदाला सुमारे ६५. १६ फुटी त्याच्या निम्मी, ३२ फुटी त्याच्याही निम्मी, म्हणजे १६च्या आसपास. तो आवाज कानापेक्षा बाकड्यातून कळतो. पाइपाचं तोंड वरून बंद केलं तर निम्म्या लांबीत तोच खर्ज मिळतो, म्हणून जागा नसलेल्या चर्चमध्ये बंद लाकडी पाइप बसवतात. पेटीवाल्यांना हे लगेच समजेल, खर्ज-नर अशा दोन सुरांच्या पेटीचंच हे मोठं कुटुंब.

थंडीची कल्पना असू द्या. तापमान एक अंशाने उतरलं की पाइप सुमारे ३ सेंट उतरतात, १०० सेंट म्हणजे एक सेमीटोन. २० अंशांना जुळवलेला ऑर्गन ५ अंशांच्या चर्चमध्ये जवळजवळ अर्धा सेमीटोन खाली वाजतो. जिभेचे पाइप, म्हणजे ट्रंपेट वगैरे, मात्र फारसे हलत नाहीत. त्यामुळे हिवाळ्यात एकाच ऑर्गनचे दोन गट एकमेकांशी बेसूर होतात. मावशी ट्रंपेटला हात लावू नकोस म्हणतात त्याचं हेही एक कारण असणार.


रूथमावशी

हो, आणि दुसरं कारण त्या आजीबाई.


काळी_पाच

मावशी, प्रिंट काढून बाकड्यावर ठेवावं असा प्रतिसाद आहे. डाव्या हाताचं अगदी बरोबर ओळखलंत. बाईंनी मला 'एकहाती' असंच नाव ठेवलंय.

अजून थोडं विचारतो. वेगळे बूट घ्यावे लागतात का? मी मोजे घालून वाजवतो. मी ख्रिश्चन नाही, त्याने काही अडतं का? आणि इथल्या सांक्ट याकोबी चर्चमध्ये जुना प्रसिद्ध ऑर्गन आहे म्हणतात, तो ऐकावा का, की माझ्यासारख्याला काही कळणार नाही?


रूथमावशी

बूट घे. पातळ चामड्याचा तळ, जरा टाच असलेले, आणि ते घालून रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, कारण एक खडा अडकला की पेडलच्या लाकडावर ओरखडे. मोजे छोट्या ऑर्गनवर ठीक, पण टाच नसली की टाचेने वाजवायचे स्वर सुटतात. सुरुवातीला नाचाचे साधे चामडी बूटही चालतात.

धर्माचं म्हणशील तर शिकायला आणि सरावाला कुणी विचारत नाही. कायमची नोकरी मागायला गेलास तर बहुतेक ठिकाणी चर्चचा सभासद आहेस का ते विचारतात. प्रार्थनेत एखादं गाणं वाजवायला हरकत कोण घेणार? वाजवणारे कमीच पडतात. जर्मनीत जवळपास ५०,००० ऑर्गन आहेत, त्यातल्या खेड्यातल्या कितीतरी ऑर्गनवर धूळ बसते.

याकोबीत जा, जा आणि जा. ऑर्गन बांधणाऱ्या आर्प श्निटगरने १६९३ मध्ये पुरा केलेला, चार मॅन्युअल, ६० स्टॉप. १९१७ मध्ये समोरचे दर्शनी पाइप युद्धसामग्रीसाठी वितळवायला नेले. दुसऱ्या युद्धात बाकीचे पाइप आधीच हलवून ठेवले होते म्हणून वाचले, चर्च मात्र जळालं. आत्ताचं रूप १९९३ चं, युर्गेन आरेंडने दुरुस्त केलेलं. तुझ्यासारख्याला उलट जास्तच कळेल, कारण त्याचा सूर आजच्यापेक्षा जवळजवळ पूर्ण एक स्वर चढा आहे. पांढरी एक दाबली की पांढरी दोन ऐकू येते. स्वर लावलेतही जुन्या पद्धतीने, आजच्यासारखी समान अंतरं ठेवून नाही. त्यामुळे काही स्वरसंगती तंबोऱ्यावर लावल्यासारख्या गोड, आणि काही अशा की दात आंबावेत. पेटीच्या टेम्पर्ड, म्हणजे समान अंतरांवर लावलेल्या, सुरांवरून आपल्याकडे इतकी भांडणं झाली, ती करणाऱ्यांनी हा एकदा ऐकायला हवा होता.

आणि तिथली १७२० सालची गोष्ट ठाऊक आहे का? ऑर्गनिस्टची जागा रिकामी झाली. उमेदवारांत खुद्द थोर संगीतकार योहान सेबास्टियान बाख. जागा मिळाली हाइटमान नावाच्या माणसाला, आणि त्याने चर्चच्या तिजोरीत ४,००० मार्क भरले. तिथले पाद्री नॉयमाइस्टर इतके चिडले की नाताळच्या प्रवचनात म्हणाले म्हणे, स्वर्गातून एखादा देवदूत उतरला, अप्रतिम वाजवू लागला, पण खिशात पैसे नसतील तर त्याला इथून परत उडून जावं लागेल. डोनेशन काही आपल्याच शिक्षणसंस्थांनी शोधलेलं नाही.

श्निटगरचा एक लहान ऑर्गन आमच्या बाजूला नॉयेनफेल्डेच्या सांक्ट पांक्राटियसमध्ये आहे, १६८८ चा, ३४ स्टॉप. स्वतः श्निटगर त्याच चर्चमध्ये पुरलेला आहे. सफरचंदाला बहर येतो तेव्हा ये, दोन्ही होतील.


गिरगावकर

मुंबईत ऐकायचा असेल तर फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये पाइप ऑर्गन आहे. चर्चगेट स्टेशनला ज्या चर्चवरून नाव पडलं तेच हे, १७१८ पासूनचं. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्येही आहे. माझा एक मित्र तिथल्या कॉयरमध्ये गायचा. तो सांगायचा की पावसाळा म्हणजे ऑर्गनचा शत्रू, लाकूड फुगतं, चामडं सुटतं, आणि मध्येच एखादा स्वर स्वतःहून वाजायला लागतो. असं झालं तर वाजवणाऱ्याने काय करायचं?


रूथमावशी

त्याला इथे हॉयलर म्हणतात, रडवा. बरं झालं विचारलंत, काळी_पाचला हे ठाऊक असायलाच हवं.

पाइपाखाली हवेची बंद पेटी असते, तिला प्रत्येक स्वरासाठी एक झडप. झडप नीट बसली नाही, खाली कचरा आला, लाकूड फुगलं, की बोट उचलल्यावरही हवा जात राहते. मागच्या हिवाळ्यात एका अंत्यविधीला माझ्यावर ही वेळ आली. गाणं संपलं, पाद्रीबाई प्रार्थनेला उभ्या राहिल्या, आणि वरून एक बारीक बासरी बोलतेच आहे. अशा वेळी पट्ट्यांवर बोटं आपटत बसायचं नाही. एकेक स्टॉप आत ढकलायचा, ज्याने आवाज थांबेल तो गुन्हेगार. माझ्या वेळी ४ फुटी बासरी निघाली. ती बंद ठेवून बाकीचा विधी पार पाडला. विधी चालू नसेल तर तीच पट्टी दोन-चारदा झटक्यात दाबून बघायची, कचरा असेल तर उडून जातो. नंतर वहीत तारीख, स्टॉप आणि स्वर लिहून ठेवायचा. ऑर्गनजवळ अशी वही असतेच, दुरुस्तीवाला आला की आधी ती वाचतो. आणि नोंद न करता घरी जाणारे ऑर्गनिस्ट मला अजिबात आवडत नाहीत.


शंकासुर

मावशी, पैसे मिळतात का हो?


रूथमावशी

मिळतात. पेट्रोल सुटतं आणि कधीकधी सफरचंदं.


काळी_पाच

मंडळी, काल झालं एकदाचं. आधी खाली बसून ऐकलं, तेव्हा बाईंच्या आवडीचा एक स्टॉप मी स्वतःच रद्द करायला लावला, खाली फार टोचत होता. पहिली दोन कडवी बरी गेली. तिसऱ्यात लोक मागे पडतायत असं कानाला ठामपणे वाटत होतं. थांबलो नाही, गात राहिलो, आणि चौथ्याच्या सुरुवातीला सगळे एकत्र आले. मागे पडले होते की नाही कुणास ठाऊक, बाई म्हणाल्या खाली काहीच जाणवलं नाही. ऑर्गनवरच्या आरशात पाद्री दिसत होते, पण हात हलवला तो मला की बाईंना, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

एक अडचण राहिली. पेडलच्या अगदी डावीकडच्या खालच्या स्वरांना गेलो की अख्खा मी बाकड्यावर कलंडतो, आणि मग उजवा हात एक पट्टी सरकतो. दोनदा झालं. नवे बूट घालूनही.


रूथमावशी

बाकडं खाली आहे. तुझ्या आधी बसणारी बाई ठेंगणी असणार. बाकड्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे सारतात, ते कोपऱ्यात पडलेले असतील, शोध. पाय पट्ट्यांवर अलगद टेकले पाहिजेत, त्यांच्यावर तुझं वजन येता कामा नये. आणि टोकाला जाताना नुसता पाय ताणू नको, दोन्ही गुडघे एकत्र त्या बाजूला वळव, कंबर आपोआप फिरते. पुढचं गाणं कुठलं दिलंय?